थायरॉइड आणि पायलटचं मेडिकल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर पायलट व्हायचं ठरवलेली मुलं-मुली, त्यांचे आईवडील आणि बरीच वर्षं उड्डाण केल्यावर रिपोर्टमध्ये अचानक टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला काम करायला सांगणारं संप्रेरक; ग्रंथी मंदावली की ते वाढतं) वाढलेला दिसलेले वैमानिक, अशा सगळ्यांसाठी ही माहिती आहे. भर भारतातल्या डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, मेडिकलवर आहे. शिकायला अमेरिकेत जाणाऱ्यांसाठी तिथली पद्धतही थोडक्यात दिली आहे. तुमच्या केसचा निर्णय अर्थातच तुमचे परीक्षक डॉक्टर आणि डीजीसीए घेतील. पण त्यांच्यासमोर बसताना काय माहीत असायला हवं, ते इथे मिळेल.

थायरॉइड आहे म्हणजे पायलट होता येणारच नाही का?

होता येतं. ही भीती इतकी पसरली आहे की काही मुलं मेडिकलचा अर्ज न भरताच स्वप्न सोडून देतात, आणि याचं फार वाईट वाटतं.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या नियमांत चयापचयाचे आणि अंतःस्रावी ग्रंथींचे आजार एकत्र घेतले आहेत. परवान्याची कामं सुरक्षितपणे पार पाडण्यात ज्या आजाराचा अडथळा येण्याची शक्यता आहे, अशा उमेदवाराला अनफिट ठरवावं, असं तिथे म्हटलं आहे. आजाराचं नाव बघून कुणाला बाद करा, असं तिथे म्हटलेलं नाही. प्रश्न असतो तो आजार आटोक्यात आहे का आणि कॉकपिटमध्ये त्याचा त्रास होऊ शकतो का, एवढाच. युरोपच्या नियमांतही हेच सूत्र आहे: थायरॉइड कमी असो वा जास्त, संप्रेरकांची पातळी नॉर्मल आणि स्थिर झाली की फिट ठरवण्याचा विचार करता येतो.

यातला सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत सोपा प्रकार म्हणजे हायपोथायरॉइडिझम, म्हणजे ग्रंथीचं काम मंदावणं. रोज एक गोळी, ठरावीक काळाने रक्ताची तपासणी, आणि टीएसएच जागेवर. अशा माणसाची कार्यक्षमता थायरॉइड नसलेल्या माणसापेक्षा कमी नसते.

पण थायरॉइडचा आणि विमान चालवण्याचा संबंध काय? आमच्या घरात तीन जणांना आहे, सगळे नोकऱ्या करतात.

उपचार नीट चालू असतील तर संबंध फारसा उरत नाही. उपचार नसतील तर मात्र मोठा आहे.

ग्रंथी मंदावली की थकवा येतो, झोप अनावर होते, विचार आणि प्रतिसाद दोन्ही संथ होतात, मन उदास राहतं, नाडी मंदावते, वजन आणि कोलेस्टेरॉल वाढतं. झोपेत श्वास अडखळण्याचा त्रासही अशा लोकांत जास्त दिसतो. हे सगळं इतकं हळूहळू येतं की स्वतःला कळतच नाही. रोस्टरमुळे दमलोय, असंच वाटत राहतं. पहाटे तीनला उठून पाचच्या फ्लाइटला बसणाऱ्या माणसाला थकव्याचं कारण सांगायला रोस्टर हाताशी असतंच. म्हणूनच निदान उशिरा होतं.

ग्रंथी जास्त काम करू लागली, म्हणजे हायपरथायरॉइडिझम झाला, की हात थरथरतात, घाम फुटतो, चिडचिड होते, झोप उडते आणि छातीत धडधडतं. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार, इथूनही सुरू होऊ शकतो. ग्रेव्हज आजारात, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीमुळेच ग्रंथी जास्त काम करू लागते त्या प्रकारात, काहींच्या डोळ्यांमागचे स्नायू सुजतात आणि एका वस्तूच्या दोन दिसू लागतात. रात्री धावपट्टीच्या दिव्यांकडे बघत उतरणाऱ्या वैमानिकाच्या बाबतीत याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

आणखी एक प्रकार आशियाई पुरुषांत इतरांपेक्षा जास्त दिसतो, पण त्याबद्दल बोललं फार कमी जातं. थायरॉइड वाढलेला असताना रक्तातलं पोटॅशियम एकदम खाली जातं आणि हातापायांतली ताकद काही तासांसाठी निघून जाते. भरपूर भात-पोळी-गोड खाल्ल्यानंतर किंवा दमवणाऱ्या व्यायामानंतर विश्रांती घेताना हा झटका येऊ शकतो. सकाळी उठल्यावर पाय उचलतच नाहीत, असं एकदा जरी घडलं असेल तरी ते डॉक्टरांना सांगा. अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका.

डीजीसीएचं मेडिकल नेमकं कसं असतं?

आधी क्लास २, मग क्लास १. क्लास २ डीजीसीएच्या पॅनेलवरच्या परीक्षक डॉक्टरांकडे होतं आणि अर्ज ई-जीसीए पोर्टलवरून जातो. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी क्लास १ लागतं. पहिलं क्लास १ वर्षानुवर्षं हवाई दलाच्या केंद्रांवर होत आलं आहे: बेंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन, दिल्लीचं एअर फोर्स सेंट्रल मेडिकल एस्टॅब्लिशमेंट आणि आसाममधलं जोरहाट. डीजीसीएने मान्यता दिलेली काही नागरी केंद्रंही आहेत. यादी बदलत असते, म्हणून ती डीजीसीएच्या संकेतस्थळावरूनच बघावी, कुणी फॉरवर्ड केलेली वापरू नये.

मुलीचा टीएसएच आधीच तपासून घ्यावा का, की मेडिकलमध्ये निघेल तेव्हा बघू?

आधीच तपासा. कृपा करून आधीच तपासा.

फ्लाइंग स्कूलची फी लाखांत असते आणि कमर्शियल लायसन्ससाठी दोनशे तास उड्डाण करावं लागतं. गोंदिया असो, बारामती असो की नागपूर, प्रवेश घेऊन पहिला हप्ता भरल्यावर मेडिकल अडकलं तर पैसा आणि वेळ दोन्ही अडकतात. टीएसएचची तपासणी काही शे रुपयांत होते. क्लास २ च्या तीन-चार महिने आधी केली, तर काही निघालं तरी गोळी सुरू करून पातळी जागेवर आणायला पुरेसा अवधी हातात राहतो. क्लास १ चा निकाल हाती येण्याआधी मोठी रक्कम भरू नये, असं मी प्रत्येक पालकाला सांगेन, मग मुलाला थायरॉइड असो वा नसो.

घरात आई, मावशी, आजी यांपैकी कुणाला थायरॉइड असेल तर ही तपासणी टाळूच नका. ग्रंथीवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते असा हाशिमोटो नावाचा प्रकार कुटुंबांत फिरतो, आणि मुलांपेक्षा मुलींत जास्त दिसतो.

टीएसएच किती असावा लागतो?

बहुतेक लॅबमध्ये नॉर्मल पातळी साधारण ०.४ ते ४ च्या आसपास दिलेली असते. लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून नेहमी त्याच रिपोर्टवर छापलेली मर्यादा बघा, आणि शक्य असेल तर दरवेळी एकाच लॅबमध्ये तपासणी करा.

टीएसएच थोडा वाढलेला, समजा ६ किंवा ७, पण टी४ (ग्रंथी स्वतः तयार करते ते संप्रेरक) नॉर्मल, अशी स्थिती पुष्कळांची असते. याला सबक्लिनिकल म्हणतात. अशा वेळी बरेच डॉक्टर लगेच गोळी देत नाहीत, काही आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगतात, कारण कधी कधी आकडा आपोआप खाली येतो. टीएसएच १० च्या वर गेला तर साधारणपणे उपचार सुरू होतात. पायलटच्या बाबतीत हा निर्णय एंडोक्रायनॉलॉजिस्टने, म्हणजे अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञ डॉक्टरने, घ्यावा आणि तसा तो लेखी द्यावा.

आणि एक: आकडा जितका खाली तितकं चांगलं, असं अजिबात नाही. गोळी जास्त झाली तर टीएसएच ०.१ च्याही खाली जातो आणि मग हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका सुरू होतो. मेडिकलमध्ये रिपोर्ट चांगला दिसावा म्हणून स्वतःच डोस वाढवणारे यात फसतात.

‘टेम्पररी अनफिट’ लिहून आलं. आता संपलं का?

नाही. उपचार घ्या, स्थिर व्हा आणि पुन्हा या, एवढाच त्याचा अर्थ. हा शेरा आल्यावर घरात जो सन्नाटा पसरतो त्याची कल्पना आहे, पण कायमचं अनफिट ठरवणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे.

मध्ये वेळ का जातो, हेही समजून घ्या. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे ही रोजची गोळी, रक्तात अर्ध्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात. डोस बदलल्यावर शरीर नव्या पातळीवर स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे जातात. त्याआधी केलेला टीएसएच अर्धवट चित्र दाखवतो. पंधरा दिवसांत पुन्हा तपासणी करून ‘अजून खाली आला नाही’ म्हणत डोस बदलला, तर तुम्ही घड्याळ पुन्हा शून्यावर नेता. दोन महिने शांतपणे जाऊ द्या. ग्राउंडच्या विषयांचा अभ्यास या काळात थांबवायचं कारण नाही. एअर नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी आणि रेग्युलेशनचे पेपर वाट बघतच असतात.

सोबत कोणती कागदपत्रं न्यावीत?

एंडोक्रायनॉलॉजिस्टचं, किमान एमडी मेडिसिनचं, ताजं पत्र. ‘पेशंट फिट आहे’ एवढी एक ओळ पुरत नाही. निदान काय, कधी झालं, कारण कोणतं, सध्याचं औषध आणि डोस, हा डोस कधीपासून बदललेला नाही, लक्षणं आहेत की नाहीत, औषधाचे दुष्परिणाम आहेत की नाहीत, पुढची तपासणी कधी, हे सगळं पत्रात असावं. हृदय आणि डोळे यांबद्दल एखादं वाक्य असेल तर परीक्षकाचं काम सोपं होतं. सोबत टीएसएच आणि फ्री टी४ चे जुने-नवे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले. अँटी-टीपीओ (ग्रंथीवर हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी) किंवा सोनोग्राफी झाली असेल तर तेही.

जुने रिपोर्ट वाईट आहेत म्हणून काढून टाकू नका. १८ वरून ६, ६ वरून २.५ असा उतरता क्रम हाच तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

फॉर्ममध्ये लिहिलंच नाही तर? गोळी तर छोटीशी असते.

लिहा. माझं याबाबतचं मत ठाम आहे.

अर्जात आधीचे आजार आणि चालू औषधं विचारलेली असतात आणि खाली तुमची सही असते. हायपोथायरॉइडिझम जाहीर केल्याने होणारं नुकसान बहुतेक वेळा काही आठवड्यांचं असतं. लपवलेलं उघड झालं तर प्रश्न थायरॉइडचा राहतच नाही, प्रश्न तुमच्या शब्दाचा होतो, आणि वैमानिकाच्या धंद्यात गमावलेला विश्वास गोळीने परत येत नाही. अमेरिकेत तर मेडिकलच्या अर्जावर खोटं लिहिणं हा संघीय गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

काही जण मेडिकलच्या आधी गोळी बंद करतात, ‘औषध चालू नाही’ असं लिहिता यावं म्हणून. पहिले काही दिवस बरं वाटतं, कारण आधीचं औषध रक्तात असतं. मग आठवड्या-आठवड्याने टीएसएच चढत जातो. नेमकं मेडिकलच्या सुमारास तो वर असतो.

पहाटेच्या फ्लाइट असतात. उपाशीपोटी गोळी आणि मग अर्धा-एक तास थांबा, हे जमायचं कसं?

हा प्रश्न कामावरचे वैमानिक नेहमी विचारतात, आणि योग्यच आहे.

नियम असा: गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. आपल्याकडे खरी अडचण नाश्त्याची नसतेच, चहाची असते. डोळे उघडले की चहा लागतो, आणि गोळी चहाबरोबरच गिळली जाते. चहा-कॉफीबरोबर गोळीचं शोषण कमी होतं. कॅल्शियम, लोह आणि अँटासिड तर तिचे शत्रूच. त्यांच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर हवं. सोयाबीनचाही परिणाम होतो.

सकाळ अशी रोज वेगळी उजाडत असेल, तर डॉक्टरांशी बोलून रात्री झोपताना गोळी घेण्याचा पर्याय निवडता येतो. शेवटचं जेवण होऊन किमान तीन तास झालेले असावेत. रोस्टरवर असणाऱ्यांना हा पर्याय बरेचदा जास्त सोयीचा पडतो. मात्र एक वेळ ठरली की तीच ठेवा. आज सकाळी, उद्या रात्री असं करू नका.

मुंबई-लंडन किंवा मुंबई-न्यूयॉर्क करणाऱ्यांनी वेळेच्या फरकाचा फार बाऊ करू नये. औषध शरीरात दीर्घकाळ राहतं, त्यामुळे चार-सहा तास मागेपुढे झाल्याने काही बिघडत नाही. गोळ्यांची डबी मात्र क्रू बॅगेत ठेवा, चेक-इन सामानात नको. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेली थायरोनॉर्म किंवा एल्ट्रॉक्सिनची बाटली पूर्ण ताकदीची राहत नाही. हे औषध उष्णता आणि दमटपणाला नाजूक आहे.

डोस तोच, गोळी नियमित, तरी रिपोर्ट बिघडला. असं का होतं?

आधी रिपोर्ट कोणत्या परिस्थितीत दिला ते बघा. टीएसएच दिवसभर सारखा नसतो; रात्री आणि पहाटे वर, दुपारी खाली. रात्रभर जागरण झालं तर तो आणखी वर जातो. म्हणजे रात्रीची फ्लाइट उतरवून थेट लॅबमध्ये जाऊन रक्त देणं हा स्वतःवर अन्याय आहे. रात्रीची पूर्ण झोप झाल्यावर, सकाळी आणि दरवेळी साधारण त्याच वेळेला रक्त द्या.

दुसरं कारण केसांच्या आणि नखांच्या गोळ्या. त्यांतलं बायोटिन शरीराला नाही, पण तपासणीच्या यंत्रणेला फसवतं. काही पद्धतींमध्ये टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो, म्हणजे कागदावर तुम्हाला हायपरथायरॉइड झालेला असतो. तपासणीच्या आधी किमान दोन-तीन दिवस या गोळ्या बंद ठेवा, आणि डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा.

अश्वगंधा घेत असाल तर तेही सांगा. त्याने थायरॉइड संप्रेरकं वाढू शकतात. समुद्री शेवाळाच्या किंवा आयोडीनच्या गोळ्यांचंही तसंच. ‘नैसर्गिक आहे’ हे उत्तर परीक्षकापुढे चालत नाही.

हायपरथायरॉइड किंवा ग्रेव्हज असेल तर?

इथे वाट लांब आहे, बंद नाही. लक्षणं असताना उड्डाण नाही, हे सर्वत्र सारखं आहे. कार्बिमाझोल, म्हणजे बाजारातलं निओ-मर्काझोल, सुरू झालं की पातळी खाली यायला काही आठवडे ते महिने जातात. उपचार साधारण बारा ते अठरा महिने चालतात, आणि गोळ्या थांबवल्यावर सुमारे निम्म्या लोकांत आजार परत येतो. म्हणूनच परीक्षक इथे जास्त कागद आणि जास्त वेळ मागतात: ईसीजी, लागलं तर होल्टर (अंगावर यंत्र लावून दिवसभर घेतलेला ईसीजी), डोळ्यांच्या डॉक्टरांचा अभिप्राय, आणि काही काळ स्थिर राहिल्याचा पुरावा.

या औषधाचा एक दुर्मिळ पण गंभीर दुष्परिणाम आहे: पांढऱ्या पेशी एकदम कमी होणं. ताप आणि घसा दुखणं सुरू झालं तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी रक्त तपासा. लेओव्हरवर, म्हणजे दोन फ्लाइटमधल्या बाहेरगावच्या मुक्कामावर, असाल तरीही.

रेडिओआयोडीन किंवा ऑपरेशन झालं असेल तर?

दोन्हींनंतर बऱ्याच जणांची ग्रंथी काम करेनाशी होते आणि आयुष्यभर लेव्होथायरॉक्सिन घ्यावं लागतं. मेडिकलच्या दृष्टीने ही पुन्हा सोप्या वाटेवर आल्यासारखीच स्थिती आहे. संपूर्ण ग्रंथी काढली असेल तर दोन गोष्टी तपासल्या जातात. एक, कॅल्शियम, कारण थायरॉइडला चिकटलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का लागू शकतो. दुसरी, आवाज. स्वरयंत्राची नस तिथूनच जाते, आणि घोगऱ्या, तुटक आवाजात एटीसीशी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाशी, बोलणं धोक्याचं आहे. कॅन्सरसाठी ऑपरेशन झालं असेल तर फॉलो-अपचे सगळे अहवाल लागतात. थायरॉइडच्या बहुतेक कॅन्सरमध्ये बरं होण्याचं प्रमाण चांगलं आहे.

रेडिओआयोडीन घेतल्यानंतर काही आठवडे विमानतळावरची किरणोत्सर्ग शोधणारी यंत्रं वाजू शकतात. हॉस्पिटलचं तारीख आणि डोस लिहिलेलं पत्र खिशात ठेवा.

अमेरिकेत शिकायला जातोय. तिथे वेगळं आहे का?

हायपोथायरॉइडिझमच्या बाबतीत तिथली व्यवस्था फार सुटसुटीत आहे. एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, २०१३ मध्ये काही आजारांसाठी एक पद्धत आणली, तिचं संक्षिप्त नाव ‘काकी’. त्या यादीत हायपोथायरॉइडिझम आहे. डॉक्टरांच्या मते आजार स्थिर, लक्षणं नाहीत, औषध मान्य यादीतलं आणि अलीकडचा टीएसएच नॉर्मल असेल, तर तिथला परीक्षक त्याच भेटीत सर्टिफिकेट देऊ शकतो. हायपरथायरॉइडिझमचं प्रकरण मात्र पहिल्यांदा एफएएकडे निर्णयासाठी जातं.

परतल्यावर भारतीय लायसन्स घ्यायचं असेल तर डीजीसीएचं क्लास १ लागतंच. एफएएचं सर्टिफिकेट त्याची जागा घेत नाही. त्यामुळे विमानात बसण्याआधी इथलं क्लास १ करून जा. तिथे निदान झालं तर इथेही तेच सांगा. दोन फाइलींत दोन इतिहास ठेवू नका.

हवाई दलात हेच नियम चालतात का?

नाही. एनडीए किंवा एएफकॅटमधून होणाऱ्या भरतीचे निकष बरेच कडक आहेत. गळ्यावर किरकोळ सूज असली आणि सगळ्या तपासण्या नॉर्मल असल्या तर अडत नाही, पण संप्रेरकांची पातळी बिघडलेली असेल तर तिथे अनफिट ठरवतात. तिथे नकार मिळाला म्हणजे नागरी विमानसेवेतही मिळेल, असं समजून घरी बसू नका.

नोकरीत आहे, कालच रिपोर्ट आला, टीएसएच २२. उद्या फ्लाइट आहे.

उद्या उडू नका. कंपनीच्या मेडिकल विभागाला आणि तुमच्या परीक्षकाला कळवा, एंडोक्रायनॉलॉजिस्टची वेळ घ्या. मेडिकल सर्टिफिकेटची मुदत शिल्लक आहे म्हणजे आज तुम्ही फिट आहात असं नसतं. तब्येत घटली की परवान्याचा वापर थांबवणं ही वैमानिकाची स्वतःची जबाबदारी आहे. घरचे हप्ते आणि बुडणारा फ्लाइंग अलाउन्स यांची चिंता खरी आहे, ती हलकी समजत नाही. म्हणूनच लॉस ऑफ लायसन्स विमा असेल तर त्याच दिवशी पॉलिसी काढून वाचा: तात्पुरत्या अनफिट काळाचे पैसे मिळतात का, किती दिवसांनंतर सुरू होतात, आणि कळवायची मुदत किती आहे. विमा अजून घेतलेला नसेल आणि थायरॉइड आधीपासून असेल, तर प्रस्तावात तो लिहा. न लिहिलेल्या आजारावरून दावा फेटाळला जाऊ शकतो.